रामेश्वरचा वारा समजावून देणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सप्रेम नमस्कार.

आभार मानायचे नाहीत असं तुम्ही फोनवर बजावलं होतंत, आणि नाव तर अजिबात लिहायचं नाही असंही. नाव लिहीत नाही. आभार मात्र मानणार, आणि चारचौघांत मानणार. पुण्या-मुंबईकडून भाड्याची कॅम्परव्हॅन (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) काढून, पोरंबाळं घेऊन तामिळनाडूच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंगला, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने पाटीवरून पाण्यावर सरकायला, जायचे बेत हल्ली बरेच जण करतात. त्या प्रत्येकाला रामेश्वरच्या पांबन बेटावरचा काका मिळेल असं नाही. तुम्ही आम्हाला जे सांगितलंत ते निदान त्यांच्या कानावर तरी पडू दे.

आपली ओळख ती केवढी! माझ्या मावशीच्या विहीणबाईंचे तंजावरकडचे नातेवाईक, एवढ्या धाग्यावर मी फोन केला. माझी अपेक्षा दोन हॉटेलांची नावं आणि "उन्हाची काळजी घ्या" एवढीच होती. तुम्ही हवामान खात्यात उभी हयात काढलीत, त्यातली बरीच वर्षं पांबनच्या वेधशाळेत, हे मला ठाऊकच नव्हतं. तुमचा पहिला प्रश्न होता, "कोण कोण येणार? आणि वजनं काय?" मी दोन क्षण गप्प. मग सांगितलं: नवरा 85 किलो, लेक 46, धाकटा अजून पाण्यात पतंग धरण्याच्या वयाचा नाही, आणि सासूबाईंना बावीस तीर्थांचं स्नान करायचंय. त्यांचं वजन तुम्ही विचारलं नाहीत, बरं झालं.

त्या वेळी आमचा बेत असा होता: दिवाळीची सुट्टी धरायची, चेन्नईपर्यंत जायचं, तिथून ईस्ट कोस्ट रोडने डाव्या हाताला समुद्र ठेवत दक्षिणेकडे उतरायचं, आणि शेवटी बेटाच्या टोकाला धनुष्कोडीशी गाडी लावून तिथेच मुक्काम. यातलं एकेक तुम्ही काढून टाकलंत. आवाज न चढवता, पण कारणासकट. भाड्याची गाडी देणारा "कुठेही लावा, काही प्रॉब्लेम नाही" म्हणत होता, ओळखीतले सगळे "मस्त प्लॅन" म्हणत होते. नको म्हणणारे एकटे तुम्ही, आणि खरी मदत झाली ती तिथेच.

दिवाळी पहिली गेली. आपल्याकडे पाऊस परतला की छत्र्या माळ्यावर जातात, तुमच्याकडे खरा पाऊस तेव्हा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस, आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही त्याच दिवसांत. 1964 मध्ये 22 डिसेंबरच्या रात्री धनुष्कोडी गाव आणि गावाकडे निघालेली पॅसेंजर गाडी समुद्राने नेली, ती याच मोसमात. तेव्हा वारा नसतो असं नाही, तुम्ही म्हणालात, पण तो दिशा बदलतो, मध्येच पडतो आणि मध्येच झोडपून काढतो. काइटसर्फिंगला हवा एका दिशेचा, एका जोराचा, तासन्‌तास टिकणारा वारा. साधारण 12 ते 25 नॉट्स, म्हणजे ताशी 22 ते 46 किलोमीटर. असा वारा पांबनला वर्षातून दोनदा येतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून, आणि डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी ईशान्येकडून.

"मग कोकणातच का नाही?" हा माझ्या नवऱ्याचा प्रश्न. डिझेल वाचलं असतं, हे त्यामागचं कारण. त्यावर तुम्ही जे समजावलंत ते मी आता भेटेल त्याला ऐकवते. कोकणात जोराचा, सलग वारा येतो तो मोसमी पावसाबरोबर, आणि तेव्हाच्या खवळलेल्या समुद्रात आपले कोळीही होड्या घालत नाहीत. एरवी दुपारची खारी झुळूक, तिच्यावर 85 किलोचा माणूस ओढला जायचा नाही. तोच नैर्ऋत्य वारा आपल्या डोक्यावर सगळं पाणी ओतून घाट ओलांडतो आणि पलीकडे कोरडा उतरतो. शिवाय पश्चिम घाटाचं दक्षिण टोक आणि श्रीलंकेचे डोंगर यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यातून मन्नारच्या आखातात शिरताना त्याचा वेग वाढतो. कन्याकुमारीजवळ मुप्पंदलला पवनचक्क्यांचं रान उभं आहे ते घाटातल्या अशाच एका खिंडीतून येणाऱ्या वाऱ्यावर. म्हणजे वारा आपलाच, फक्त पाऊस वजा केलेला.

मग आली ती तुमची चौकटीच्या वहीतली पानं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवलेली. डावीकडे तारखा, मध्ये 'वारा', उजवीकडे 'घरचे'. वरच्या कोपऱ्यात तिरक्या अक्षरात तीन तारखा, एकीखाली एक. 28 मे: कत्तिरी संपते, म्हणजे मे महिन्यातला तो भाजून काढणारा काळ सरतो. 14 जून: यांत्रिक बोटींची मासेमारीबंदी संपते. आणि तिसरी माझ्याकडून घेतलेली, 15 जून: पुण्यातल्या शाळा. "या दोन-अडीच आठवड्यांत बसव," असं खाली लिहिलं होतं. पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिलपासून 61 दिवस ट्रॉलर धक्क्यालाच बांधलेले असतात, त्यामुळे पाणी मोकळं मिळतं. हे कुठल्याही ट्रिपवाल्याने आम्हाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलंही नसतं.

रस्त्याच्या बाबतीत मी थोडी हुज्जत घातली हे तुम्हाला आठवत असेल. मला समुद्राकाठचा रस्ता हवा होता. तुम्ही शांतपणे म्हणालात, ईस्ट कोस्ट रोड म्हणजे समुद्र दिसणारा रस्ता नव्हे, बऱ्याच ठिकाणी समुद्र दोन-चार किलोमीटर पलीकडे असतो आणि तुम्ही मिठागरं नि बाभळी बघत जाल. त्यापेक्षा बंगळूरहून सेलम, नामक्कल, तिरुची, तंजावर असं या आणि तिथून ओरत्तनाडू, पट्टुकोट्टईवरून मल्लिपट्टिणमला खाली उतरा. का, ते तेव्हा सांगितलं नाहीत. "आधी ये तर," एवढंच.

ते गुपित ओरत्तनाडूला उलगडलं. तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी 1800 च्या आसपास बांधलेलं मुक्तांबाळ छत्र, म्हणजे धर्मशाळा, तिथे अजून उभं आहे. रामेश्वराला निघालेल्या यात्रेकरूंना राहायला जागा, दोन वेळचं जेवण, आजाऱ्याला औषध, हे सगळं या वाटेवर तंजावरच्या मराठ्यांनी ठिकठिकाणी करून ठेवलं होतं. काशीची गंगा कावडीत घालून रामेश्वराला निघालेली माणसं आपल्याला ठाऊक असतात ती नाथांच्या गोष्टीतून, ज्यांनी ती कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. पण ती माणसं रात्री निजत कुठे, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. सासूबाई त्या ओट्यावर बराच वेळ बसून होत्या. आमची ती पांढरी अवाढव्य गाडी बाहेर रस्त्याच्या कडेला उभी, आणि तिच्यातलं फ्रीज चालू आहे का ते बघायला नवरा पळतोय. आम्हीसुद्धा दोनशे वर्षांनी त्याच रस्त्यावर त्याच विवंचनेत, की आजची रात्र कुठे काढायची.

मनोऱ्यापाशी धाकट्याने तुम्हाला फोन लावायला लावला. मल्लिपट्टिणमजवळ समुद्रालगतचा हा मजल्यांवर मजले चढवलेला मनोरा सरफोजीराजांनी 1814-15 मध्ये, नेपोलियनचा पराभव झाला म्हणून बांधला. त्याचा प्रश्न होता, आपल्या राजाला नेपोलियनशी काय देणं-घेणं? तुम्ही म्हणालात, "1799 मध्ये सगळा कारभार इंग्रजांनी काढून घेतला होता. ज्याच्या दारात इंग्रजांचा रेसिडेंट बसलाय तो दुसरं काय बांधणार?" शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात हे असं एका वाक्यात कुणी सांगत नाही. गच्चीवर वाऱ्याने लेकीची ओढणी उडाली आणि पहिल्यांदाच तिने स्वतःहून दिशा सांगितली: "नैर्ऋत्य." तुमचा अभ्यास तिथून लागू पडला.

आता मुक्कामाचं. परदेशात म्हणे कॅम्परव्हॅनला जागोजागी तळ असतात, वीज-पाण्याचे खांब असतात. आपल्या रामनाथपुरम जिल्ह्यात यातलं काय असणार! त्यात हा जिल्हा पाण्याचा दुष्काळी, बोअर मारली तरी बहुतेक ठिकाणी मचूळ पाणी. तुमचा उपाय ऐकून आम्ही आधी हसलो: मंगल कार्यालय. मोठं आवार, कुंपण, रात्री राखणदार, न्हाणीघरं, 15 अँपियरचा प्लग आणि लग्नाच्या स्वयंपाकाला पुरेल एवढं पाणी. अडचण एकच, वैकासी (मे-जूनमधला तमिळ महिना) हा तिकडे लग्नांचा महिना. मग तुम्ही पंचांग काढलंत आणि मुहूर्त नसलेले दिवस शोधलेत! कॅम्परव्हॅनची ट्रिप मुहूर्त बघून, म्हणजे मुहूर्त *नाही* हे बघून, आखणारे आम्ही पहिलेच असू. मालकांना तुम्ही काय सांगितलंत माहीत नाही, पण आम्ही पोचलो तर गाडीसाठी सावलीचा कोपरा झाडून ठेवलेला आणि कट्ट्यावर ताडगोळे सोलून झाकलेले. रात्री 38-39 अंशांचा दिवस पचवलेल्या पत्र्याच्या गाडीत एसी चालला तो त्या प्लगवर. पिण्याला वीस लिटरचे कॅन, टाकीतलं पाणी फक्त भांड्यांना आणि मिठाने चिकट झालेल्या अंगांना, हा नियमही तुमचाच.

असेच तुमचे बारके-बारके हुकूम होते. गाडीचं तोंड नेहमी वाऱ्याकडे करून लावायचं, दार वाऱ्याच्या आडोशाला. बाजूचं कापडी छत उघडायचंच नाही (एका दुसऱ्या गाडीचं आम्ही फाटताना पाहिलं). वाळूत चाक घालायचं नाही, डांबर संपलं की थांबायचं. आणि पांबनच्या रस्तापुलावर फोटोसाठी उभं राहायचं नाही, सगळे राहतात तरीही. आमची गाडी उंच, वारा आडवा. शेजारच्या जुन्या रेल्वेपुलावर वारा ताशी 58 किलोमीटरच्या वर गेला की गाड्या थांबवत असत, हे तुम्ही आधी सांगून ठेवलेलं, त्यामुळे नवऱ्याने निमूटपणे तिसऱ्या गिअरमध्ये पूल पार केला. 2025 च्या एप्रिलमध्ये सुरू झालेला, मधला भाग उचलला जाणारा नवा पूल आम्ही चालत्या गाडीतूनच पाहिला. धाकटा अजून रुसलाय.

आता मुख्य गोष्ट. तुमचं सगळ्यात ठाम 'नको' होतं ते उत्तरेच्या पाण्याला. बेट अरुंद, एका बाजूला मन्नारचं आखात, दुसऱ्या बाजूला पाल्कची सामुद्रधुनी. जूनमध्ये उत्तरेकडचं पाणी काचेसारखं सपाट दिसतं, शिकाऊ माणसाला मोह पडावा असं. पण ते सपाट का, तर वारा जमिनीवरून समुद्राकडे जातोय म्हणून. पाटीवरून पडलात, पतंग पाण्यात बसला, की तो वारा तुम्हाला किनाऱ्याकडे आणणार नाही, श्रीलंकेच्या सागरी हद्दीकडे नेईल. शिवाय तिकडे शेवाळ पिकवणाऱ्यांचे बांबूचे तराफे असतात, त्यात दोऱ्या अडकल्या तर त्यांच्या पोटावर पाय. म्हणून शिकायचं ते दक्षिणेला, वारा किनाऱ्याकडे येतो तिथे, वाळूच्या दांड्याआडच्या कमरेएवढ्या पाण्यात, आणि बचावाची बोट असलेल्या शिक्षकाकडेच. आखातातली 21 बेटं राष्ट्रीय उद्यानाची, तिकडे फिरकायचंही नाही. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093, हे दोन्ही नंबर तुम्ही लेकीकडून पाठ म्हणवून घेतलेत.

शिक्षकाने पहिल्या दिवशी पाणी दाखवलंच नाही. वाळूवर छोटा पतंग, मग मोठ्या पतंगात पंपाने हवा भरणं, पुढची कड टणक होईपर्यंत, बोटाने टिचकी मारली की ढोलकीसारखी वाजली पाहिजे. मग वीस-बावीस मीटरच्या चार दोऱ्या उलगडून, एकीत दुसरी अडकली नाही ना हे चालत जाऊन बघणं. संक्रांतीला पतंग उडवलेल्या नवऱ्याला वाटत होतं आपल्याला हे येतं. आपल्या पतंगाला जोर आला की हात आवळून मांजा घट्ट धरायची सवय, इथे उलटं. बार, म्हणजे दोऱ्या जोडलेला हातातला दांडा, अंगाकडे ओढला की पतंग आणखी ताकद घेतो, आणि बार सोडला की तो मवाळ होतो. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळा करून घेतात ते लाल मूठ ढकलून पतंगाची ताकद पूर्ण काढून टाकणं. भीती वाटली की हात आपोआप आवळतात, आणि ही सवय मोडायलाच वेळ जातो.

वजनं का विचारलीत तेही तेव्हा कळलं. त्याच वाऱ्यात लेकीला सात चौरस मीटरचा पतंग, बापाला बाराचा. तिने आधी पाटीशिवाय पतंगामागे पोटावर ओढलं जाणं शिकून घेतलं, मग पाटी पायांत घालून पाण्यात बसली, पतंग एका कडेने खाली आणला आणि उठली. चार-पाच सेकंद. मग तोंडावर. पुन्हा उठली. मी काठावर उभी, तोंडात वाळू, डोळ्यांत वाळू, आणि तुमच्या त्या कागदावर 'सकाळी 11 नंतर वाढेल' असं लिहिलेलं. सव्वाअकराला वाढला. वाऱ्याच्या अ‍ॅपवर त्या दिवशी तीन नॉट्स कमी दाखवत होते. तुम्ही म्हणाला होतात, अ‍ॅप बघा, पण ताडाचे शेंडेही बघा.

नवऱ्याचं फारसं सांगत नाही. तो वाऱ्यासोबत झकास जात होता, वाऱ्याविरुद्ध परत येता येत नव्हतं, त्यामुळे पाटी काखेत मारून वाळूतून चालत परत येण्यात त्याची बरीचशी सुट्टी गेली. वजन उतरलंय.

सासूबाईंचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण 'घरचे' या रकान्यात तुम्ही सगळ्यात जास्त त्यांचाच विचार केला होतात. वारा नसतो त्या वेळा देवळाच्या, ही तुमची वाटणी. पहाटे चार-साडेचारला उठून अग्नितीर्थाचं समुद्रस्नान, मग ओल्या कपड्यांनी देवळात बावीस तीर्थं, प्रत्येक विहिरीवर बादली डोक्यावर. दहाच्या आत सगळं उरकून, कोरडी साडी नेसून, दर्शन घेऊन, त्या लांबच लांब खांबांच्या प्रदक्षिणामार्गावरून चालत त्या बाहेर येत होत्या तेव्हा पोरं जेमतेम डोळे चोळत उठत होती. ओल्या फरशीवर पाय घसरतो, म्हणून रबरी तळाचे मोजे न्यायला तुम्ही सांगितलं होतंत. त्यांच्या वयाच्या बाईच्या पायांची काळजी आमच्या बेतात कुठे नव्हतीच, आमच्या बेतात होता तो फक्त समुद्र. देवीपट्टिणमच्या पाण्यातले नवग्रहही त्यांनी तुमच्या हिशेबानेच पाहिले, ओहोटी बघून.

आणि धनुष्कोडी. अगदी टोकाला, अरिचल मुनैपर्यंत डांबरी रस्ता आहे, 2017 पासून, पण मुक्काम नाही. संध्याकाळ व्हायच्या आत पोलीस सगळ्यांना परत पाठवतात. आम्ही दुपारी गेलो, मोडक्या चर्चच्या भिंती पाहिल्या, दोन समुद्र दोन रंगांचे पाहिले. सासूबाईंनी सेतूची चिमूटभर वाळू पुडीत बांधून घेतली, काशीला न्यायची म्हणून. वाऱ्याने एवढी वाळू उडत होती की ती वेगळी गोळा करायची गरज नव्हती, आमच्या डब्यातल्या चटणीतही होतीच. तिथे रात्र काढायचं आमच्या डोक्यात होतं, हे मुलं आता भाच्यांना हसत-हसत सांगतात.

काका, तुम्ही आम्हाला घरी जेवायला बोलावलंत, काकूंनी केलेली आमटी सासूबाईंनी तिसऱ्यांदा वाढून घेतली, आणि पैशाचा विषय काढला तर तुम्ही उठून आत गेलात. त्याबद्दल इथे काही लिहीत नाही, ते आपल्यातच राहू दे.

दोन कामाच्या गोष्टी. लेकीला जानेवारीत पुन्हा यायचंय. तेव्हा वारा ईशान्येचा, म्हणजे उत्तरेचं पाणी चालेल आणि दक्षिणेचं नको, असा तिने स्वतः हिशेब मांडलाय, तुमच्यासारखाच चौकटीच्या वहीत. फोटो पाठवते, तपासून द्या. लाल पेनने खुणा केल्यात तर तिला आवडेल. आणि मंगल कार्यालयाच्या वीजबिलाचे पैसे मालक घेईनात, म्हणून तुमच्या खात्यावर टाकलेत. ते त्यांना पोचवा, मला परत पाठवू नका.

काकूंना नमस्कार.

तुमची,
पुण्याची भाची